पडद्यावरची माणसे आणि सोलापूरची साक्ष

जुन्या चित्रपटांवर जीव असलेली माणसे सोलापुरात आजही पुष्कळ आहेत, आणि ती एकत्र बसली की बोलणे चित्रपटापाशी थांबत नाही. कोणता नट कोणत्या गावचा, त्याला पहिली संधी कुणी दिली, कोणत्या नटीचे लग्न का मोडले, तिच्या शेवटच्या दिवसांत जवळ कोण होते, इथपर्यंत ते जाते. अलीकडे अशा बैठकांतून आणि वर्तमानपत्रांतल्या वाचकांच्या पत्रांतून एक वाद पुन्हा पुन्हा डोके वर काढू लागला आहे. एका बाजूचे म्हणणे असे की कलावंताने पडद्यावर जे ठेवले तेवढेच आपले. त्याच्या घरात डोकावण्याचा आपल्याला अधिकार नाही आणि गेलेल्या माणसाच्या खासगी गोष्टी चघळणे हा असभ्यपणा आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की ज्यांनी प्रसिद्धीवर पोट भरले त्यांच्या आयुष्यावर प्रेक्षकांचाही हक्क पोहोचतो, आणि उत्कर्षाबरोबर पतनही सांगितले नाही तर ती आठवण खोटी ठरते. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, पण दोघांच्याही बोलण्यात त्या माणसांचे काम मुळीच येत नाही. ही नटी रोज सकाळी उठून कामाला जात होती, तिचा पगार कुणीतरी ठरवत होते, तिचा करार कुणाच्या तरी कपाटात होता आणि तिला कामावरून काढता येत होते, याचा विचार न करता तिच्या आयुष्याबद्दल बोलावे की बोलू नये हे ठरवणार कसे?

माझे मत असे आहे की ही आयुष्ये सांगितलीच पाहिजेत, आणि ती कष्ट करून पोट भरणाऱ्या माणसांची आयुष्ये म्हणून सांगितली पाहिजेत. शिवाय सांगणाऱ्याने आपण साक्षीला उभे आहोत असे समजून बोलले पाहिजे. जे पाहिले ते पाहिले म्हणून सांगावे आणि जे ऐकले ते कुणाकडून ऐकले त्यासह सांगावे. सोलापूरला हे अवघड वाटण्याचे काही कारण नाही. १८७७ साली जुनी गिरणी उभी राहिल्यापासून या शहराने कामाचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या केलेला आहे. पाळी, खाडा, टाळेबंदी, संप हे शब्द इथे घराघरांत बोलले गेले. गिरण्या गेल्या तरी यंत्रमागावर चादर आणि टॉवेल विणणाऱ्यांच्या आणि विड्या वळणाऱ्या बायकांच्या घरात ते अजून बोलले जातात. गिरणी कामगाराची कहाणी सांगताना आपण त्याच्या व्यसनापासून सुरुवात करत नाही, गिरणी कधी बंद पडली हे आधी विचारतो. मग नटीच्या बाबतीत हा प्रश्न आपल्याला का सुचत नाही?

जे मौनाच्या बाजूने बोलतात त्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा मी आधी मान्य करतो. गेलेला माणूस उत्तर देऊ शकत नाही. जिवंत नटाबद्दल खोटे छापले तर तो खुलासा करील, नोटीस पाठवील. मृताबद्दल कुणीही काहीही बोलावे आणि ते खपून जावे, अशी स्थिती असते. त्याची मुले-नातवंडे हयात असतात आणि प्रत्येक नव्या कहाणीबरोबर त्यांना नव्याने ओशाळे व्हावे लागते. शिवाय या कहाण्यांचा मारा बहुतेक वेळा स्त्रियांवरच होतो. नटाने दोन संसार केले तर तो रसिक ठरतो; नटीने तेच केले तर तिचे पाऊल वाकडे पडलेले असते. मराठी रसिकतेचा यातला इतिहास काही भूषणावह नाही. बालगंधर्वांवर महाराष्ट्राने जितके प्रेम केले तितकाच राग त्याच महाराष्ट्राने गोहरबाई कर्नाटकींवर काढला, आणि बालगंधर्वांच्या उतरत्या काळाचे सगळे खापर त्या एका बाईच्या माथी फोडले. वास्तविक गंधर्व नाटक मंडळी १९२१ च्या सुमारासच मोठ्या कर्जात अडकली होती आणि गोहरबाई बालगंधर्वांच्या आयुष्यात आल्या त्या त्यानंतर कितीतरी वर्षांनी. एक उत्तम गायिका केवळ ‘तिने त्यांना बुडवले’ एवढ्या वाक्यात संपवली गेली.

परंतु याच उदाहरणातून मौनाच्या मागणीचे अपुरेपण दिसते. आज आपण सर्वांनी ठरवून गप्प राहायचे म्हटले तर गोहरबाईंवरचा आरोप पुसला जाईल का? तो तसाच राहील, कारण तो आधीच बोलून झालेला आहे. ज्याच्याविषयी वाईट बोलले गेले त्याला मौन कधीच सोडवत नाही. तारखा आणि हिशेब मांडून पुन्हा बोलावे लागते, तेव्हाच ते खोटे उघडे पडते. आणि काम तेवढे आपले, आयुष्य आपले नाही, ही वाटणी तरी शक्य आहे का? कापडातून उभा धागा ठेवून आडवा काढून घेतला तर हातात कापड राहत नाही, हे मागाच्या गावात सांगायला नको. नर्गिस आणि सुनील दत्त या दोघांचाही जन्म जून १९२९ मधला. १९५७ च्या ‘मदर इंडिया’त एक आई झाली आणि दुसरा तिचा मुलगा. पुढच्याच वर्षी त्यांनी लग्न केले. त्यानंतर नर्गिस पडद्यावरून जवळजवळ निघून गेल्या आणि सुनील दत्त पुढे कितीतरी वर्षे नायक राहिले. हे लग्न खासगी होते, त्यात शंका नाही. पण एका अत्यंत समर्थ अभिनेत्रीची कारकीर्द तिशीच्या आत का आटोपली, या प्रश्नाचे उत्तर त्या लग्नाला वगळून कसे देता येईल? आणि ते देताना, त्या काळी लग्नानंतर किती नायिकांना काम करू दिले जात होते, हा पुढचा प्रश्न टाळता येईल का?

मधुबालांच्या बाबतीत तर कामाची गोष्ट प्रेमकहाणीच्या मागे पुरती लपली आहे. ‘नया दौर’च्या वेळचा खटला जुन्या रसिकांना पाठ असतो. दिलीप कुमार साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिले आणि मधुबालांवरच्या प्रेमाविषयी बोलले, एवढा प्रसंग डोळ्यांत पाणी आणून सांगितला जातो. पण न्यायालयात तो विषय गेला होता तो कराराचा म्हणून. बी. आर. चोप्रांना चित्रीकरण भोपाळकडे करायचे होते, मधुबालांच्या वडिलांनी बाहेरगावी पाठवायला नकार दिला, त्यांच्या जागी वैजयंतीमाला आल्या आणि घेतलेल्या पैशांवरून भांडण कोर्टात पोहोचले. १९४२ च्या ‘बसंत’पासून म्हणजे अगदी बालवयापासून जिच्या कमाईवर मोठे कुटुंब चालले, जिच्या हृदयात जन्मतः दोष होता, तिने कुठे काम करायचे आणि कुठे नाही हे दुसरेच कुणी ठरवत होते. त्या खटल्यात दिलीप कुमार चोप्रांच्या बाजूने साक्ष देत होते, म्हणजे ज्या बाईवर प्रेम असल्याचे ते सांगत होते तिच्या घरच्यांच्या विरोधात. हा सगळा संदर्भ गाळला की उरते ती एक गोड शोकांतिका, जी ऐकायला बरी वाटते आणि जिच्यातून आपल्याला काहीही कळत नाही.

ललिता पवारांची गोष्ट मला सोलापूरकरांना मुद्दाम आठवून द्यावीशी वाटते. मूकपटांच्या काळापासून नायिका म्हणून उभ्या असलेल्या या अभिनेत्रीला १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात सहकलाकार भगवान यांच्या हातून जोराची थप्पड बसली. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली, वर्षानुवर्षे उपचार चालले आणि नायिकेची कामे संपली. पुढे त्यांनी खाष्ट सासवा रंगवल्या, ‘अनाडी’तली मायाळू मिसेस डिसा उभी केली, त्या भूमिकेसाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळवला. ही हकिकत ‘एका थपडेने नशीब बदलले’ अशा थाटात सांगितली जाते. पण हा कामावर झालेला अपघात होता! गिरणीत साच्यात हात सापडलेल्या कामगारासाठी १९२३ पासून नुकसानभरपाईचा कायदा होता. भरपाई मिळवायला झगडावे लागे हे खरे, तरी कायदा होता आणि युनियन होती. कॅमेऱ्यासमोर डोळ्याला कायमची इजा झालेल्या बाईच्या पाठीशी अशी कोणती व्यवस्था उभी होती? तिची जिद्द थोर आहेच. पण जिद्दीचे कौतुक करून आपण थांबतो, तेव्हा तिला इतकी जिद्द दाखवावी का लागली हे विचारायचे राहूनच जाते.

हे प्रश्न आजच्या काळातून मागे नेऊन चिकटवलेले आहेत, असा आक्षेप कुणी घेईल. तो खरा नाही, कारण त्या काळातल्या कलावंतांनी ते स्वतःच विचारले होते. ‘कुंकू’तल्या शांता आपटे १९३९ मध्ये करारावरून प्रभात कंपनीशी बिनसल्यावर कंपनीच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘जाऊ मी सिनेमांत?’ हे पुस्तक लिहिले आणि या धंद्यात कोण कुणाची पिळवणूक करतो हे सडेतोडपणे मांडले. गिरणीच्या दारात धरणे धरणाऱ्या कामगाराला सोलापूर लगेच ओळखते. स्टुडिओच्या दारात बसलेल्या या बाईला मात्र आपल्या आठवणींत ‘तापट’ आणि ‘लहरी’ एवढीच विशेषणे मिळाली. त्याआधी मास्टर विठ्ठल हा मूकपटांचा सर्वांत लोकप्रिय मराठी नायक ‘आलम आरा’त जाण्यासाठी जुन्या कंपनीतून निघाला, तेव्हा कंपनीने त्याला कोर्टात खेचले आणि त्याच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे राहिले. खटला जिंकला, ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी लागला, आणि ज्या बोलपटासाठी तो लढला त्या बोलपटानेच त्याचे नायकपद घालवले, कारण उर्दू-हिंदी संवाद त्याच्या जिभेला मानवले नाहीत. पुढे त्याने बारीकसारीक भूमिका केल्या. नवे यंत्र आले आणि जुने कसब निरुपयोगी झाले, ही कहाणी हातमागाच्या सोलापुराला परकी आहे का? चित्रपट कामगारांशी लेखी करार केलाच पाहिजे असे सांगणारा केंद्रीय कायदा व्हायला मात्र १९८१ साल उजाडावे लागले. शांता आपट्यांच्या उपोषणानंतर चार दशके लोटली होती, आणि तोवर त्या स्वतः हयात नव्हत्या.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो, कारण माझे त्याच्याशीही पटत नाही. सगळे सांगा म्हणणाऱ्यांच्या बाजूने एवढे खरे आहे की देव्हाऱ्यात बसवलेल्या माणसाचे चरित्र वाचवत नाही. आपल्याकडे ‘संत तुकाराम’नंतर लोक विष्णुपंत पागनिसांच्या पाया पडू लागले, अशा भक्तीतून नट म्हणून त्यांचे कसब काय होते हे कधी कळणार? त्यामुळे दोष, भांडणे, अपयश सांगितले पाहिजे हे मला मान्य आहे. पण प्रत्यक्षात काय सांगितले जाते? भगवानदादांचेच पाहा. जुहूचा बंगला, दारात उभ्या असलेल्या गाड्या, मग सगळे विकून दादरच्या चाळीत काढलेले अखेरचे दिवस, एवढी चौकट ठरलेली असते आणि तिच्या शेवटी पैसा कसा जपावा याचा उपदेश येतो. भगवान पालव हा गिरणी कामगाराचा मुलगा होता आणि तरुणपणी त्यानेही अंगमेहनतीची कामे केली, हे त्या चौकटीत बसत नाही. ‘अलबेला’ १९५१ मध्ये तुफान चालल्यावर त्याने पैसा पुन्हा चित्रपटांतच घातला. नट, दिग्दर्शक आणि निर्माता तिन्ही तोच असल्यामुळे चित्रपट पडला की तोटाही एकट्याचाच होई. ना भविष्यनिर्वाह निधी, ना पेन्शन. यात उधळेपणा किती आणि धंद्याचा धोका किती, याचा हिशेब मांडल्याशिवाय त्या माणसाच्या अखेरीवर निकाल देणे मला अन्यायाचे वाटते. श्रीमंत झालेला गरीब पुन्हा गरीब झाला की आपल्याला कुठेतरी जग ठिकाणावर आल्यासारखे वाटते. ही भावना आपल्यातली आहे, तिचा भगवानदादांशी संबंध नाही.

या बाबतीत सोलापूरपासूनच निघालेली एक साखळी आहे, तिच्याकडे मी वाचकांचे लक्ष वेधतो. शाहीर राम जोशी या शहराचे. १७६२ ते १८१२ हा त्यांचा काळ. त्यांच्याविषयी जे सांगितले जाते त्यातले कितीतरी आख्यायिकेच्या स्वरूपाचे आहे: चांगल्या ब्राह्मण घरातला मुलगा तमाशाच्या नादी लागला, भावाने घराबाहेर काढले, पंढरपुरी शास्त्र शिकला, कीर्तनकार झाला, आणि पुन्हा फडावर गेला. या आख्यायिकेवर १९४७ मध्ये ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट निघाला आणि त्यातल्या हंसा वाडकर महाराष्ट्रभर गाजल्या. १९७० मध्ये याच हंसाबाईंनी ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनात आपले आयुष्य विलक्षण धिटाईने सांगितले, आणि १९७७ मध्ये त्यावरून श्याम बेनेगलांचा ‘भूमिका’ आला. म्हणजे आख्यायिकेतून चित्रपट, चित्रपटातून नटी, नटीतून पुस्तक, पुस्तकातून पुन्हा चित्रपट. आता आपल्या बैठकांत हंसाबाईंविषयी काय निघते? दारू आणि पुरुष. त्यांच्या पुस्तकात ते आहे, त्यांनीच लिहवले आहे, आणि स्वतःच्या तोंडाने सांगितलेले पुन्हा सांगण्यात काही गैर नाही. पण त्याच पुस्तकात किशोरवयात घर चालवण्यासाठी स्टुडिओत पाठवलेली मुलगी आहे, तिने मिळवलेले पैसे दुसऱ्यांच्या हाती जात होते हे आहे, संसार हवा म्हणून काम सोडू पाहणाऱ्या बाईला पुन्हा पुन्हा कामावर लोटले गेले हे आहे. वाचकाने पुस्तक वाचले आणि नेमके हेच विसरले, तर तो दोष हंसाबाईंच्या प्रांजळपणाचा म्हणता येणार नाही.

माझ्या मताविरुद्धचा सर्वांत कठीण आक्षेप वेगळाच आहे. मी पुरावा मागतो, साक्ष मागतो. पण पुरावा उरला आहे कुठे? भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले आणि त्यांतले अगदी मोजके, तेही बरेचसे तुकड्यांत, आज शिल्लक आहेत. ‘आलम आरा’ची एकही प्रत हाती नाही. चांदी काढण्यासाठी जुन्या फिल्मा वितळवल्या गेल्या. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झाले, तोपर्यंत फार उशीर झाला होता, पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून जे मिळवले त्यातलेही काही पुण्यातल्या २००३ च्या आगीत गेले. प्रभात १९५३ मध्ये बंद पडली, बहुतेक कंपन्यांची दप्तरे गेली. अशा स्थितीत म्हाताऱ्या रसिकांच्या ऐकीव गोष्टींनाही चाळणी लावली तर हातात काहीच राहणार नाही, असे म्हणणाऱ्याला मी सहज झटकून टाकू शकत नाही.

पण हाच पेच मराठी माणसापुढे एकदा येऊन गेलेला आहे. मराठ्यांचा इतिहास दीर्घकाळ बखरींतून सांगितला जाई. बखरी रसाळ होत्या, त्यांतले पुरुष पराक्रमी होते, आणि बऱ्याचशा घटना घडून गेल्यावर कितीतरी वर्षांनी ऐकीव माहितीवर लिहिलेल्या होत्या. १८९८ मध्ये इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि पानिपतच्या काळातली अस्सल पत्रे समोर ठेवून बखरींतल्या चुका दाखवल्या. तेव्हाही लोकांना वाटले असेल की आता अभिमानाचे काही उरणार नाही. झाले उलटे. पत्रे हवीत म्हटल्यावर लोक घराघरांतली दप्तरे, माळ्यावरची बाडे शोधू लागले आणि आधी नव्हते इतके साहित्य उजेडात आले. बखरीही फेकून दिल्या गेल्या नाहीत. घटनेचा पुरावा म्हणून त्यांचे वजन कमी झाले, पण पुढच्या पिढीने ती घटना कशी आठवली याचा पुरावा म्हणून त्या आजही मोलाच्या आहेत. जुन्या नटनट्यांच्या ऐकीव गोष्टींना हाच न्याय लावावा. अमुक नटी उपाशी मेली, ही ऐकीव गोष्ट तिच्याविषयी काही सांगेल वा न सांगेल; सोलापूरच्या मध्यमवर्गाला कमावत्या स्त्रीचे काय होईल असे वाटत होते, हे ती नक्की सांगते.

चित्रपटातली कथा खऱ्या माणसाच्या जागी कशी जाऊन बसते, हे तर सोलापूरने स्वतःच्या बाबतीत पाहिले आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, जन्म १९१०. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. १९४६ मध्ये शांतारामबापूंनी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला आणि स्वतः कोटणीसांची भूमिका केली. चित्रपटातल्या कोटणीसांना प्लेगशी झुंजताना तो रोग जडतो. खरे कोटणीस अपस्माराच्या झटक्यांनी गेले. चित्रपट मोठा आहे, मी त्याला दोष देत नाही. परंतु ज्या गावात त्या माणसाचे घर स्मारक म्हणून जपले आहे, त्या गावानेही त्याला शांतारामबापूंच्या चेहऱ्याने आठवावे, आणि रोज दुखणे अंगावर काढत शेकडो जखमींवर शस्त्रक्रिया करणाऱ्या बत्तीस वर्षांच्या डॉक्टरला विसरावे, हे मला सलते.

मग सोलापूरच्या रसिकाने सांगायचे काय? त्याने मुंबईच्या स्टुडिओत काय घडले हे सांगू नये, कारण तो तिथे नव्हता. तो इथल्या टॉकीजमध्ये, म्हणजे भागवतमध्ये होता, प्रभातमध्ये होता, मीनामध्ये होता. तिथे त्याने जे पाहिले ते मुंबईच्या कोणत्याही चरित्रकाराजवळ नाही. कोणता चित्रपट किती आठवडे टिकला, पहिल्या खेळाला कुठल्या वस्तीतली माणसे आली, पडद्यावर चिल्लर केव्हा उधळली गेली, बायकांसाठी वेगळी बसायची सोय होती का, पाळी सुटल्यावर येणाऱ्या कामगाराला तिकीट परवडत होते का, तिकिटाचा काळाबाजार कसा चाले, गाण्यांची पुस्तके कुठे मिळत, डोअरकीपर कुणाला फुकट आत सोडी. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी माणसे एकाच अंधारात शेजारी बसत, तेव्हा कुणाचा नट कोण होता? शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरांत एन. टी. रामाराव आणि सावित्री या तेलुगू पडद्यावरच्या कलावंतांविषयी जे प्रेम होते त्याची नोंद मराठीत जवळजवळ कुठेच नाही. सावित्रींची आठवणही आता २०१८ च्या ‘महानटी’ने व्यापली आहे. त्या चित्रपटातल्या जेमिनी गणेशन या सावित्रींच्या नवऱ्याच्या चित्रणावर गणेशन यांच्या कन्येने जाहीर आक्षेप घेतला, लोक दोन गटांत वाटले गेले, आणि कुणी कुणाला दारू शिकवली एवढ्यावर चर्चा येऊन ठेपली. १९५७ च्या ‘मायाबाजार’मधली ती अजोड अभिनेत्री पुढे दिग्दर्शिकाही झाली आणि १९६८ मध्ये बहुतांश स्त्री तंत्रज्ञांना घेऊन चित्रपट काढण्याचे धाडस तिने केले, हे त्या गदारोळात किती जणांनी काढले?

आणि शशिकला. त्या तर जन्माने सोलापूरच्या, १९३२ सालच्या, जवळकर घराण्यातल्या. वडिलांचा व्यवसाय बुडाला, कुटुंब मुंबईला गेले आणि शाळेच्या वयातल्या मुलीला काम शोधत फिरावे लागले. नूरजहाँ यांच्यामुळे १९४५ च्या ‘झीनत’मध्ये कव्वालीच्या प्रसंगात उभे राहायला मिळाले. नायिका होता आले नाही, मग दुष्ट स्त्रियांच्या भूमिका पत्करल्या, ‘आरती’ आणि ‘गुमराह’साठी लागोपाठ फिल्मफेअर पुरस्कार मिळवले, २००७ मध्ये पद्मश्री मिळाली, ४ एप्रिल २०२१ रोजी निधन झाले. त्यांच्या संसारातली वादळे आणि मदर तेरेसांकडे केलेली सेवा त्यांनी स्वतः मुलाखतींतून सांगितली आहे, म्हणून ती झाकण्याचे कारण नाही. पण सोलापूरकराने त्यांच्याविषयी बोलताना सुरुवात कुठून करावी? एका बुडालेल्या व्यापाऱ्याच्या मुलीला १९४० च्या दशकात या गावातून बाहेर पडून नाचगाण्यावर कुटुंब पोसावे लागले, इथून करावी. गाव सोडून गेलेल्या अशा कितीतरी कुटुंबांच्या इतिहासाशी ती गोष्ट जोडलेली आहे, आणि ती आपल्याइतकी कुणालाच सांगता येणार नाही.

तरुण मंडळी म्हणतात की हे सगळे स्मरणरंजन आहे. जुने ते सोने म्हणत बसलेल्यांना आजचे चित्रपट दिसत नाहीत. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ काढून मराठी पडद्याची भाषा बदलली, तरी बैठकांत अजून पन्नासच्या दशकाचेच गोडवे गायले जातात, ही त्यांची तक्रार रास्त आहे. जुना काळ सोन्याचा नव्हता. त्या काळात कुणाला पडद्यावर जागा होती आणि कुणाला नव्हती, हे जातीच्या अंगाने आजच्या पिढीने विचारले पाहिजे आणि ज्येष्ठांनी त्याचे प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. पण त्यासाठी तो काळ आधी नीट माहीत हवा, आणि तो माहीत असलेली माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत.

म्हणून मला वाटते की हे काम सोलापूर विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आणि हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या संस्थांनी लगोलग हाती घ्यावे. प्रेक्षकांबरोबरच प्रोजेक्टर चालवणारे ऑपरेटर, बुकिंगवर बसणारे, डोअरकीपर, पोस्टर रंगवणारे आणि टांग्यातून जाहिरात करत फिरणारे यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात. एकपडदा टॉकीज पाडली जाते तेव्हा तिच्या हिशेबाच्या वह्या रद्दीत जाण्याआधी मागून घ्याव्यात. सांगणाऱ्याचे वय, वस्ती आणि धंदा नोंदवावा, पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे लिहावे, आणि पूर्व भागातल्या आजींची साक्ष तेलुगूतच घेऊन मग तिचे मराठी करावे. ज्या मजकुरामुळे हयात कुटुंबीयांना इजा पोहोचेल तो भाग सांगणाऱ्याच्या इच्छेप्रमाणे काही वर्षे बंद ठेवण्याची सोय असावी. दप्तरखान्यांत ही पद्धत रूढ आहे, आणि मौनाच्या बाजूने बोलणाऱ्यांची जी रास्त काळजी आहे तिचे समाधान तिने होऊ शकते.